आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी: व्हिडिओ बिघडतो एकीकडे, दिसतो दुसरीकडे

"दादा, तुमची सीडी खराब निघाली हो. मंगलाष्टकं चालू झाली की चित्र फुटतं."

ताईंच्या मुलीच्या लग्नाचं मिक्सिंग, म्हणजे व्हिडिओची कापाकापी आणि जोडणी, मी केलं होतं. सीडी म्हणजे खरं तर डीव्हीडी, पण आमच्याकडे सगळे सीडीच म्हणतात. मी दुसरी डिस्क राइट करून दिली. पुन्हा तोच फोन. मग जरा भारी कंपनीची कोरी डिस्क आणली, स्पीड कमी ठेवून तिसरी राइट केली. तरी "सावधान" झालं, अक्षता उडाल्या, की चित्राचे चौकोन. त्या चार सेकंदांत ताईंचे वडील पहिल्या रांगेत हात वर करून उभे आहेत. लग्नानंतर दोन महिन्यांनी ते गेले. ताईंना ते चार सेकंद हवे होते, आणि नेमके तेच चौकोनांत विरघळले होते.

मी डिस्क बदलत राहिलो आणि दोष डिस्कमध्ये नव्हताच. व्हिडिओच्या कामात हे सारखं घडतं. बिघाड शेवटच्या पायरीवर दिसतो म्हणून आपण तिथेच पाणी मारतो, आणि आग लागलेली असते दोन-तीन पायऱ्या मागे. त्या तीन डिस्कनंतर मी एक सवय लावून घेतली. काहीही बिघडलं की आधी दोन प्रश्न. दोष दर वेळी त्याच जागी येतो का? आणि त्याच्या आधीच्या पायरीवर तो दिसतो का?

पायऱ्या पाचच आहेत. कॅमेऱ्यात शूटिंग, कार्डवरून कॉम्प्युटरवर कॉपी, टाइमलाइनवर (सॉफ्टवेअरमधल्या क्लिपा मांडायच्या पट्टीवर) एडिटिंग, रेंडर (म्हणजे त्या मांडणीतून एक तयार फाइल काढणं), आणि शेवटी डिस्क किंवा पेन ड्राइव्ह. नव्या डिस्कवरही दोष त्याच सेकंदाला येत असेल, तर डिस्क निर्दोष आहे. ज्या फाइलवरून ती राइट झाली ती फाइल उघडून बघायची. फाइलमध्ये दोष दिसला तर टाइमलाइन बघायची. टाइमलाइनवर दिसला तर मूळ क्लिप साध्या व्हीएलसी प्लेअरमध्ये चालवून बघायची. जिथे तो पहिल्यांदा दिसायचा थांबतो, त्याच्या लगेच पुढच्या पायरीवर तो जन्मलेला असतो. ही पाहणी दहा मिनिटांत होते. मी तिच्याशिवाय तीन दिवस घालवले होते.

आधी व्हिडिओची वही समजून घेऊ

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती नीट सांगतो. १९२० बाय १०८० ची एक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एक स्थिर चित्र, जशीच्या तशी साठवायची तर साधारण ६.२ एमबी लागतात. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे सेकंदाला दीडशे एमबीच्या वर. तासाभराच्या लग्नाला ५६० जीबी. इतकं कोणी साठवत नाही. मोबाइल हेच शूटिंग तासाला सात-आठ जीबीत बसवतो. बाकीचं कुठे जातं?

किराणा दुकानाची उधारीची वही डोळ्यांपुढे आणा. दुकानदार रोज तुमची सगळी बाकी नव्याने मांडत नाही. महिन्याच्या सुरुवातीला एकदा पूर्ण बाकी लिहितो, आणि मग रोज फक्त नोंद: साखर दोन किलो, तेल एक पिशवी, शंभर जमा. व्हिडिओ असाच लिहिला जातो. दर काही फ्रेमनंतर एक फ्रेम पूर्ण लिहायची आणि मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं, काय कुठे सरकलं एवढंच नोंदवायचं. मागचा मांडव हलत नाही, त्याला शाई लागत नाही. नवरीने मान वळवली, तेवढ्याची नोंद. व्हिडिओ दाबायची पद्धत एच.२६४ असो, त्याच्या पुढचा एच.२६५ असो, की डीव्हीडीतला जुना एमपेग-२, तत्त्व हेच.

आता सतरा तारखेची बाकी विचारा. दुकानदाराला एक तारखेपासून सगळ्या नोंदी बेरीज-वजाबाकी करत यावं लागतं. टाइमलाइनवर मधेच कुठेतरी क्लिक केलं की कॉम्प्युटरला हेच करावं लागतं. मागच्या पूर्ण फ्रेमपर्यंत जायचं, तिथून एकेक फ्रेम उभी करत यायचं. चार कॅमेऱ्यांच्या चार वह्या एकदम उघडल्या असतील तर तो अडखळतो, आणि आपण म्हणतो सॉफ्टवेअर हँग होतंय. सॉफ्टवेअर बदलून फरक पडत नाही, कारण वही तीच असते.

यावर उपाय प्रॉक्सीचा. सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची एक हलकी प्रत तयार करतं, ज्यात बहुतेकदा प्रत्येक फ्रेम स्वतंत्र लिहिलेली असते. कापाकापी त्या प्रतीवर करायची, रेंडरला सॉफ्टवेअर मूळ क्लिप घेतं. दा विंची रिझॉल्व्ह, प्रीमिअर प्रो, केडेनलाइव्ह, सगळ्यांत ही सोय आहे. रात्री प्रॉक्सी बनवायला लावून झोपायचं. नवा कॉम्प्युटर घ्यायच्या आधी हे एकदा करून बघा, कळकळीने सांगतो. अनेकांचा खर्च वाचतो.

ओठ आणि आवाज

दुसरी मोठी तक्रार: आवाज मागे-पुढे होतो. यातही आधी एकच गोष्ट बघायची. सुरुवातीपासून शेवटपर्यंत फरक सारखाच आहे का? असेल तर सोपं आहे, आवाजाची पट्टी तेवढी सरकवली की काम झालं. पण सुरुवातीला बरोबर, दहाव्या मिनिटाला किंचित मागे, शेवटी पार विस्कटलेलं, असं असेल तर सरकवून काही होणार नाही. एक टोक जुळवलं की दुसरं सुटतं.

हे बहुतेक वेळा मोबाइलच्या शूटिंगमध्ये होतं, आणि मोबाइलचं शूटिंग आता प्रत्येक लग्नात असतं. मामेभावाने संगीताचा कार्यक्रम सलग अर्धा तास उभा राहून शूट केलेला असतो आणि पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा, आग्रह असतो की तो घ्याच. मोबाइल सेटिंगमध्ये ३० फ्रेम दाखवतो, पण प्रत्यक्षात फ्रेमची गती बदलती ठेवतो. उजेड कमी झाला की प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ घेतो, फोन तापला की एखादी गाळतो. आवाज मात्र एकसारखा रेकॉर्ड होत राहतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर सरळ ३० धरून चाललं आणि खरी सरासरी २९.९ असली, तर फरक तीनशे फ्रेममागे एका फ्रेमचा. ऐकायला काहीच नाही. अर्ध्या तासात तो सहा सेकंदांवर जातो.

मीडियाइन्फो नावाचं छोटं, फुकट सॉफ्टवेअर आहे. क्लिप त्यात टाका आणि फ्रेम रेट मोडसमोर काय लिहिलंय बघा. 'व्हेरिएबल' असेल तर एडिटिंगला घ्यायच्या आधी ती क्लिप हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून काढायची. तेही फुकट आहे. त्यात 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडायचा आणि क्वालिटी जरा वरची ठेवायची. अर्ध्या तासाची क्लिप साध्या लॅपटॉपवरही चहा होईस्तोवर किंवा फार तर जेवण होईस्तोवर निघते. एडिट पूर्ण झाल्यावर हे लक्षात आलं तर मात्र प्रत्येक कट पुन्हा तपासावा लागतो, म्हणून कार्ड रिकामं करतानाच मीडियाइन्फो उघडायची सवय बरी.

गतीचा विषय निघालाच आहे तर अजून एक. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणून टीव्हीची पद्धत २५ फ्रेमची, पॅल. हॉलमधल्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. कॅमेऱ्याचं शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद असलं तर ते जुळून जातं. १/६० ठेवलं की चित्रावरून काळसर पट्टे सरकायला लागतात, आणि हे एडिटिंगमध्ये पूर्ण कधीच जात नाहीत. हा दोष पहिल्या पायरीवरचा आहे आणि तिथेच टाळायचा. पुढे कितीही महागडं प्लगइन आणलं तरी थोडी मिणमिण उरतेच.

कॉपीची पायरी लोक पायरी मानतच नाहीत. हँडीकॅमसारखे कॅमेरे लांब शूटिंगचे तुकडे करतात, कारण कार्डवरच्या फॅट३२ पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी चालत नाही. तुकडे कुठे, कसे जोडायचे याची माहिती कार्डवरच्या इतर फोल्डरमध्ये असते. आपण फक्त मोठ्या फाइली उचलतो, बाकीचं "फालतू" म्हणून सोडतो, आणि मग सांध्यावर अर्धा सेकंद आवाज गायब. नेमका कन्यादानाच्या मंत्रात. कार्ड नेहमी अख्खंच्या अख्खं कॉपी करा, रिकाम्या दिसणाऱ्या फोल्डरांसकट.

रेंडर अडकतो तेव्हा

रात्री रेंडरला लावलं, सकाळी बघतो तर अडकलेलं. सगळ्यात जास्त जीव याच कामात जातो, म्हणून हे जवळून सांगतो.

पुन्हा पहिला प्रश्न: त्याच जागी की वेगळ्या जागी? दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबत असेल तर तुमची टाइमलाइन ठीक आहे, मशीन दमतंय. मे महिन्यात, दुपारी, गादीवर ठेवलेला लॅपटॉप तासभर पूर्ण जोरात चालला की तापून बंद पडतो. पंख्यातली धूळ काढा, रेंडर पहाटे लावा. सी ड्राइव्हवर जागा किती उरली आहे ते बघा. तुम्ही फाइल डी ड्राइव्हवर काढत असलात तरी सॉफ्टवेअर तात्पुरत्या फाइली बहुतेकदा सी ड्राइव्हवरच टाकत असतं. ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर नवा करा, आणि एकदा ग्राफिक्स कार्डाचा वापर बंद करून, नुसत्या प्रोसेसरवर रेंडर करून बघा. वेळ लागेल, पण दोष कार्डाकडे आहे की नाही हे कळेल.

दर वेळी त्याच जागी थांबत असेल तर तिथे काहीतरी गिळता न येणारं आहे. रेंडर अडकल्यावर दिसणाऱ्या 'त्र्याहत्तर टक्के' अशा आकड्यावरून मात्र जागा शोधू नका. अर्धवट झालेली फाइल चालत असेल तर ती कुठे तुटते ते बघा. चालत नसेल तर दर वेळी टाइमलाइन निम्मी करत शोधा. माझ्याकडे एक टाइमलाइन २ तास ४० मिनिटांची होती. पहिली ८० मिनिटं रेंडर केली, निघाली. म्हणजे दोष दुसऱ्या अर्ध्यात. त्यातली ४० घेतली, अडकली. मग २०, १०, ५. सहाव्या खेपेला मी अडीच मिनिटांच्या एका तुकड्यावर येऊन पोहोचलो. तो फोटोंचा स्लाइड शो होता. फोटोग्राफरने दिलेले फोटो ६००० बाय ४००० चे. जेपेग म्हणून प्रत्येक फोटो आठ-दहा एमबीचा दिसतो, पण उघडला की मेमरीत ९६ एमबी व्यापतो. प्रत्येकावर हळूच झूम, दोन फोटोंमध्ये विरघळणारा बदल, वर पाकळ्यांचा इफेक्ट. आठ जीबी रॅमचं मशीन तिथे मान टाकत होतं. सगळे फोटो एकगठ्ठा २५०० पिक्सेल रुंदीचे करून घेतले, आणि तीच टाइमलाइन एका दमात निघाली. चित्रात काडीचा फरक नाही, कारण १९२० च्या पडद्यावर ६००० पिक्सेल दिसणारच नसतात.

लांब कामाला माझी पद्धत आता ठरलेली आहे. हळद, सीमांतपूजन, लग्न, पाठवणी असे तुकडे वेगवेगळे रेंडर करायचे, डीएनएक्सएचआर किंवा प्रोरेससारख्या जड स्वरूपात. या फाइली प्रचंड मोठ्या होतात, पण त्यांत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, त्यामुळे पुढे हवी ती प्रत काढताना चित्र खालावत नाही. पाठवणीत अडकलं तर हळद पुन्हा काढावी लागत नाही. शेवटी सगळे तुकडे एका साध्या टाइमलाइनवर ओळीने ठेवायचे आणि त्यावरून एमपीफोर, डीव्हीडी, काय हवं ते.

रंगांबद्दल थोडक्यात. २०२० च्या आयफोन १२ पासून पुढचे आयफोन एचडीआरमध्ये (उजेड-अंधाराच्या जास्त छटा टिपणाऱ्या पद्धतीत) शूट करतात. साध्या टाइमलाइनवर ती क्लिप आणली की पांढरे सदरे भडक, चेहरे उडालेले. क्लिप खराब नसते. सॉफ्टवेअरला तिची रंगपद्धत सांगावी लागते, किंवा शूटिंगच्या आधी फोनमध्ये एचडीआर बंद करावं लागतं.

'चि. सौ. कां.' का तुटतं

हा आपला, देवनागरीवाल्यांचा प्रश्न आहे, त्यामुळे इंग्रजीतल्या मदतीच्या पानांवर तो सहसा सापडत नाही. टायटलमध्ये 'चि.' लिहिलं की वेलांटी च च्या नंतर जाऊन बसते. 'श्री' चे श, हलन्त, र असे तुकडे होतात. 'शुभविवाह' मधली वेलांटी पुढच्या व ला जाऊन चिकटते. फॉन्ट बदलून बघतात, उपयोग होत नाही.

कारण असं की ऱ्हस्व वेलांटी टाइप होते व्यंजनानंतर आणि दिसायला हवी त्याच्या आधी. रोमन अक्षरं आली त्या क्रमाने ओळीत बसतात, देवनागरीला जुळवणी लागते. ती जुळवणी करणारा भाग सॉफ्टवेअरमध्ये नसेल किंवा बंद असेल, तर अक्षरं टाइप केलेल्या क्रमाने नुसती शेजारी शेजारी पडतात. प्रीमिअर प्रोमध्ये प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्स विभागात टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करावं लागतं, आणि मग नवं टायटल घ्यावं लागतं. आणखी एक घोटाळा पत्रिकेवरून मजकूर उचलताना होतो. छापखान्यातला मजकूर पुष्कळदा युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमधला असतो. तिथे देवनागरी अक्षर दिसतं, पण आत साठवलेलं असतं इंग्रजी कीबोर्डवरचं चिन्ह. तो चिकटवला की भलतंच उमटतं. असा मजकूर युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करणं सगळ्यात सुरक्षित.

सॉफ्टवेअर ऐकतच नसेल तर मी वाद घालत नाही. गुगल ड्रॉइंग्जमध्ये किंवा इंकस्केपमध्ये नावं लिहायची, मोठ्या आकारात, मागचा भाग पारदर्शक ठेवून पीएनजी चित्र काढायचं आणि ते व्हिडिओवर ठेवायचं. चित्रातली वेलांटी कोणी हलवू शकत नाही. नावं मात्र पार्टीला वाचून दाखवा. कुणाच्या नावातला रफार गळला तर ती चूक घराण्यात वीस वर्षं दिसत राहते.

डिस्क: आधी आठवीचं गणित

आता ताईंच्या डिस्ककडे. वरची दोन प्रश्नांची पाहणी शेवटी केली तेव्हा कळलं की चौकोन राइट करायच्या आधीच्या एमपेग फाइलमध्येच आहेत, टाइमलाइनवर नाहीत. म्हणजे दोष रेंडरमध्ये.

डीव्हीडी १९९६ साली जपानमध्ये बाजारात आली आणि तिचे नियम तेव्हाचेच आहेत. चित्र ७२० बाय ५७६, एमपेग-२ मध्ये. साध्या डिस्कवर ४.७ जीबी. इथेच एक गैरसमज होतो. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने, त्यामुळे विंडोजमध्ये ती जागा ४.३७ जीबीच्या आसपास दिसते. ४.६ ची फाइल "बसायला हवी होती" असं म्हणत लोक डोकं धरतात, ते यामुळे.

एका बाइटचे आठ बिट, म्हणून ४.७ जीबी म्हणजे ३७,६०० मेगाबिट. मेनू आणि थोडी मोकळी जागा सोडून ३६,००० धरा. याला लग्नाच्या सेकंदांनी भागा, म्हणजे प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला काय येतं ते कळतं. ताईंचं लग्न ३ तास १० मिनिटांचं होतं, ११,४०० सेकंद. भागाकार आला ३.१६ मेगाबिट. त्यातून आवाज वजा करायचा. आणि मी आवाज कोणत्या स्वरूपात ठेवला होता? पीसीएम, म्हणजे न दाबलेला. त्याला सेकंदाला १.५ मेगाबिट लागतात. चित्राच्या वाट्याला उरले १.६. एका फ्रेमला सरासरी ८ किलोबाइट. जी फ्रेम मुळात सव्वा एमबीची, तिला ८ किलोबाइट.

नवरानवरी नुसती बसलेली असतील तर ८ किलोबाइटमध्येही निभावतं, कारण वहीत नोंद करण्यासारखं फार नसतं. पण अक्षता? हजार दाणे, प्रत्येक आपल्या वाटेने उडतोय, खाली पडतोय, कुणाच्या फेट्यावर आपटून उसळतोय. चित्राचे १६ बाय १६ चे चौकोन करून 'हा चौकोन इकडून तिकडे सरकला' अशी नोंद एमपेग करतं. अक्षतांमध्ये कुठलाच चौकोन जसाच्या तसा सरकत नाही. त्यात सहा फोटोग्राफरचे फ्लॅश. फ्लॅश पडला की अख्खी फ्रेम पांढरी, मागच्या फ्रेमशी तिचं काही नातं उरत नाही, सगळी वही नव्याने लिहायची. नेमकी जिथे शाई सर्वांत जास्त हवी तिथे दौत रिकामी. मग एमपेग बारकावे टाकून देतं आणि चौकोन उघडे पडतात. होमाचा धूर, कारंजं, डीजेचे फिरते दिवे, यांनीही असंच होतं.

उपाय केले ते असे. आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये घेतला, १९२ किलोबिट. ऐकताना ताईंच्या टीव्हीवर काही फरक कळला नाही. लग्न दोन डिस्कवर विभागलं, प्रत्येकी ९५ मिनिटं. ३६,००० भागिले ५,७०० म्हणजे ६.३, आवाज काढून चित्राला ६.१. जवळजवळ चौपट. वरची मर्यादा ८ वर ठेवली, कारण नियमाने चित्राला ९.८ पर्यंत मुभा असली तरी घरी राइट केलेली डिस्क जुने प्लेअर त्या वेगाने वाचताना अडखळतात. आणि दोन फेऱ्यांचं रेंडर लावलं: पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर सगळं लग्न नुसतं पाहून कुठे किती शाई लागेल ते टिपतं, दुसऱ्या फेरीत लिहितं. त्यामुळे गुरुजी नुसते बोलतात तिथली बचत अक्षतांकडे जाते.

राइट करण्याबद्दल माझे ठाम आग्रह आहेत. टाइमलाइनवरून थेट डिस्क काढणारं बटण वापरू नका, कारण मग बिघाड कोणत्या पायरीवर झाला ते कळत नाही. आधी एमपेग फाइल काढा, बघा. मग डीव्हीडीस्टाइलरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये मेनू लावून आयएसओ फाइल (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत) बनवा, ती व्हीएलसीमध्ये चालवून बघा. मगच राइट करा, १६ एक्सच्या डिस्कवर ६ किंवा ८ च्या वेगाने, 'व्हेरिफाय' ची खूण ठेवून. लॅपटॉपवर चालते आणि टीव्हीच्या प्लेअरवर चालत नाही, या तक्रारीत बहुतेकदा कोणीतरी एमपीफोर फाइल डिस्कवर नुसती कॉपी केलेली असते. प्लेअरला 'व्हिडिओ_टीएस' नावाचं फोल्डर आणि त्यातल्या ठरावीक फाइली लागतात. ते फोल्डर असूनही चालत नसेल तर डिस्क बहुधा फायनलाइज झालेली नसते, म्हणजे राइटिंग नीट पूर्ण करून बंद केलेली नसते. डिस्कवर नवरानवरीच्या फोटोचं स्टिकर चिकटवू नका. जरा तिरकं बसलं की डिस्क फिरताना थरथरते आणि मधेच अडकते. फोटो हवा तर प्रिंट करता येणाऱ्या डिस्क घ्या.

जुन्या कॅसेटवरून डिस्क करणाऱ्यांसाठी एवढंच: कॅसेटची एक फ्रेम दोन अर्ध्या पट्ट्यांत असते, विषम ओळी आणि सम ओळी. मिनी डीव्ही कॅसेटमध्ये खालची, म्हणजे सम ओळींची, पट्टी आधी येते. सेटिंगमध्ये उलटं निवडलं तर चालणारा माणूस एक पाऊल पुढे, अर्धं मागे असा थरथरतो. एखादा माणूस पडद्यावरून आडवा चालत जातो तो शॉट टीव्हीवर बघा. कॉम्प्युटरवर हा दोष लपू शकतो. पैठणीच्या काठावरची जर लुकलुकते तेही या दोन पट्ट्यांमुळेच. जरीची रेघ एकाच ओळीएवढी बारीक असली की ती एका पट्टीत दिसते, दुसऱ्या पट्टीत नसते. उभ्या दिशेने अगदी हलका ब्लर दिला की शांत होते.

ताईंना दोन डिस्क पोचवल्या त्याच रात्री फोन आला. "बाबा दिसतात आता," एवढं म्हणून त्या थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "अजून एक संच करून द्याल का? माझा भाऊ न्यू जर्सीला असतो, त्याला पाठवायचाय."

तिथे डिस्क बहुधा चालली नसती. अमेरिकेतल्या डीव्हीडीची पद्धत एनटीएससी, सेकंदाला २९.९७ फ्रेम, आणि तिथले बरेच प्लेअर पॅल डिस्क घेत नाहीत, जरी आपल्याकडचे प्लेअर सहसा दोन्ही चालवत असले तरी. रीजन कोड (डिस्क कोणत्या देशांत चालावी याचं बंधन) हा वेगळा विषय, तो घरगुती डिस्कला 'सर्व' ठेवला की मिटतो. पॅल-एनटीएससीचं तसं नाही, त्यासाठी चित्रच बदलून घ्यावं लागतं आणि त्यात हालचाल थोडी खडबडीत होते. म्हणून मी ताईंना डिस्क दिली नाही. जड स्वरूपातल्या मूळ तुकड्यांवरून १९२० बाय १०८० ची एमपीफोर काढली, २५ फ्रेमचीच, कारण कॉम्प्युटर आणि हल्लीच्या टीव्हीला त्याची अडचण नसते. ती पेन ड्राइव्हवर घातली आणि मंगलाष्टकांचा तुकडा वेगळा काढून व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगितला. गॅलरीतून व्हिडिओ म्हणून पाठवला असता तर व्हॉट्सअॅपने तो पुन्हा दाबला असता, आणि अक्षतांपाशी तेच चौकोन परत आले असते.